छपराखालचा खेळ : लेखांक 6
खो-खोचा पहिला व्यावसायिक हंगाम

मोकळ्या मैदानावर वाढलेला खेळ छपराखाली आणून त्याचा व्यावसायिक हंगाम भरवायचा, तर नुसती जागा बदलून भागत नाही, खेळाची वेळ, गुण आणि हालचालींचे नियमही नव्याने बांधावे लागतात. 14 ऑगस्ट ते 4 सप्टेंबर 2022 या काळात पुण्याच्या बालेवाडीतील श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात झालेला ‘अल्टिमेट खो-खो’चा पहिला हंगाम हे त्याचे आपल्याकडील ठळक उदाहरण होय. रत्नागिरीच्या खेळाडूंना या तारखांचे महत्त्व वेगळे सांगायला नको, कारण ऑगस्टात कोकणातील मातीचे मैदान चिखलाने भरलेले असते, आखलेल्या रेषा टिकत नाहीत आणि सराव जवळपास थांबतो; मॅट आणि छप्पर नसते, तर भर पावसाळ्यात असा हंगाम भरवणे शक्यच नव्हते.

अमेरिकेत हाच प्रयोग 1987 साली तेथील फुटबॉलवर झाला. शंभर यार्डांचे मैदान पन्नास यार्डांचे करण्यात आले, अकरांऐवजी आठ खेळाडू उतरवण्यात आले आणि गोलखांबांच्या दोन्ही बाजूंना जाळ्या टांगण्यात आल्या, ज्यांवर आपटून परतलेला चेंडू खेळातच राहतो. ‘अरेना फुटबॉल’च्या त्या पहिल्या हंगामात चारच संघ होते आणि अंतिम सामन्यात डेन्व्हरने पिट्सबर्गला 45-16 असे हरवले. तेथील एक नियम विशेष लक्षात घेण्यासारखा आहे: मैदानी खेळात चेंडू खेळात येण्यापूर्वी आक्रमक संघातील कोणालाही पुढच्या दिशेने धावता येत नाही, अरेनात मात्र एका खेळाडूला ती मुभा देण्यात आली.

खो-खोतील ‘वजीर’ हा त्याच जातीचा बदल आहे. मूळ खेळात आक्रमकांचे आठ गडी मधल्या पाटीवर एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा पाठलाग करतो. त्याला पाटी ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत गेल्याशिवाय मागे फिरता येत नाही. संरक्षकाची सारी कला या बंधनावर उभी आहे, कारण पाठलाग करणाऱ्याला अर्धे पाऊल चुकीच्या दिशेला टाकायला लावले, की पाटीवरून सहज पलीकडे निसटता येते. ‘अल्टिमेट खो-खो’तील वजिराला मात्र कोणत्याही दिशेला धावता येते, त्यामुळे ही हुलकावणी त्याच्यापुढे फारशी चालत नाही. नऊ मिनिटांचा डाव सात मिनिटांवर आला, गडी बाद केल्याचे दोन आणि सूर मारून टिपल्याचे तीन गुण झाले. संरक्षकांची तुकडी ठरावीक वेळेपुढे टिकली तर तिलाही गुण मिळू लागले, आणि ही तरतूद नसती तर संरक्षणाला या खेळात दुय्यम स्थान आले असते. वेळेची काटछाट योग्यच होती. वजिरामुळे वेग वाढला हे खरे असले, तरी एकेरी साखळीत, म्हणजे बसलेल्या गड्यांमधून नागमोडी धावत, पाटी विणत जाणाऱ्या संरक्षकाचे कसब त्यामुळे झाकोळले, हेही मान्य करायला हवे.

नव्या गुणपद्धतीचा परिणाम अंतिम सामन्यात सर्वांत स्पष्ट दिसला. सहा संघांतून ओडिशा जगरनॉट्स आणि तेलुगू योद्धाज अंतिम फेरीत आले होते. अखेरची 14 सेकंद उरली असताना ओडिशाच्या सूरज लांडे याने सूर मारून गडी टिपला, तीन गुण मिळवले आणि ओडिशाने सामना 46-45 असा जिंकला. एका सुराला तीन गुण नसते, तर पारडे असे फिरले नसते.

या हंगामातील सहाही संघ पुरुषांचे होते, आणि 2023-24 मध्ये झालेला दुसरा हंगामही पुरुषांचाच होता. रत्नागिरीची खो-खोतील ओळख मात्र अपेक्षा सुतार, ऐश्वर्या सावंत यांसारख्या महाराष्ट्राकडून खेळलेल्या मुलींनी घडवली आहे. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात प्रियंका इंगळेच्या नेतृत्वाखालील भारतीय महिलांनी नेपाळला 78-40 असे हरवून अजिंक्यपद मिळवले, तेही बंदिस्त सभागृहात आणि मॅटवरच. त्यामुळे महिला या खेळासाठी तयार आहेत की नाहीत, हा प्रश्न उरलेला नाही. त्यांच्यासाठी स्वतंत्र व्यावसायिक हंगाम भरवणे आणि रत्नागिरीसारख्या जिल्ह्यांत पावसाळाभर सराव करता येईल अशी मॅटची सोय करणे, ही कामे संघटनांनी आता हाती घ्यावीत.