हाइनरिख नॉयहाउस यांचा पियानो-वर्ग
मॉस्को कॉन्झर्व्हेटरीत, म्हणजे तेथील उच्च संगीतशिक्षणाच्या संस्थेत, १९२२ पासून शिकवणारे हाइनरिख नॉयहाउस (१८८८–१९६४) स्वतः मैफली करणारे पियानोवादक असले, तरी त्यांची खरी कीर्ती अध्यापनावर उभी आहे. बोटे आधीच तयार असलेल्या विद्यार्थ्यांना ते प्रथम रचनेची ‘कलात्मक प्रतिमा’, म्हणजे ती कशी ऐकू यावी याची मनातील स्पष्ट कल्पना, घडवायला लावत आणि बोटे, मनगट व खांदा यांच्या वापराचे तंत्र त्या प्रतिमेवरून ठरवत. धडा एकाचा, पण ऐकायला सगळा वर्ग. आपल्याकडील तालमीची आठवण व्हावी, असाच हा प्रकार. एमिल गिलेल्स आणि स्व्यातोस्लाव रिख्तर हे दोघेही त्यांचेच शिष्य, पण त्यांचे वादन एकमेकांसारखे मुळीच नाही.