शातो मुसार : लेबनॉनमधील एका घराण्याची रेड वाइन

स्थापना : १९३०. लेबनॉन फ्रेंच अंमलाखाली असता गास्तों होशार यांनी बैरूतच्या उत्तरेस गझीर येथील जुन्या गढीच्या तळघरांत ही मद्यशाळा उभारली.

मळे : पर्वतापलीकडे बेका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,००० मीटर उंचीवर.

वारसा : मद्यनिर्मितीचा कारभार १९५९ साली ज्येष्ठ पुत्र सर्ज यांच्याकडे सुपूर्द झाला. त्यांनी बोर्दो येथे या शास्त्राचे अध्ययन केले. हिशेब व विक्रीची व्यवस्था धाकटे बंधू रोनाल्ड यांच्याकडे आली. सर्ज यांचे निधन ३१ डिसेंबर २०१४ रोजी झाले.

यादवी : १९७५–९०. मळे एकीकडे आणि मद्यशाळा दुसरीकडे, मधे लढाईच्या आघाड्या व पहाऱ्याचे नाके, अशा स्थितीत द्राक्षांच्या मालमोटारी पर्वत ओलांडून गझीरला येत असत. तरीही, पूर्णतः हुकलेला १९७६ चा हंगाम वगळता, निर्मितीची परंपरा खंडित झाली नाही. १९८४ साली तर माल वाटेत इतका अडकून पडला की, द्राक्षे प्रवासातच आंबू लागली. त्याच वर्षी ‘डिकँटर’ या ब्रिटिश नियतकालिकाने आपला वर्षातील मानकरी हा पहिलावहिला सन्मान सर्ज यांना दिला.

मुख्य रेड वाइन : काबर्ने सोव्हिन्यों, सँसो व कारिन्यान या तीन जातींचे मिश्रण.

कालक्रम : आंबवण सिमेंटच्या टाक्यांत, नंतर सुमारे वर्षभर फ्रेंच ओकच्या पिंपांत, त्यानंतर मिश्रण. बाटल्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस भरतात. विक्री सुगीनंतर सुमारे ७ वर्षांनी.