राजीखुशीने व अक्कलहुशारीने : स्वार्थाच्या तत्त्वज्ञानाची एक तपासणी

मराठीत 'स्वार्थी' ही शिवी आहे. पण ज्याला आपले हित कळत नाही त्यालाही आपण शहाणा म्हणत नाही, भोळसट म्हणतो. मुलीला सासरी पाठवताना आई सांगते, 'सगळ्यांचं नीट कर.' मुलगा नोकरीच्या गावी निघाला की तीच आई सांगते, 'आधी स्वतःचं बघ.' एकाच घरातले हे दोन उपदेश. त्यांत तत्त्वज्ञानाचा एक जुना प्रश्न दडलेला आहे : स्वतःचे हित पाहणे हा दोष आहे, की ते माणसाचे पहिले कर्तव्य आहे?

विसाव्या शतकात या प्रश्नाचे सर्वांत ठाम उत्तर दिले ते आयन रँड यांनी. स्वार्थ हा सद्‌गुण आहे, असे त्यांनी नुसते म्हटले नाही. १९६४ साली निघालेल्या आपल्या निबंधसंग्रहाला त्यांनी नावच 'द व्हर्च्यू ऑफ सेल्फिशनेस' असे दिले. मराठी वाचकांना त्या 'द फाउंटनहेड' (१९४३) आणि 'ॲटलास श्रग्ड' (१९५७) या कादंबऱ्यांमुळे माहीत असतात. तरुणपणी त्या वाचून भारावणे आणि चाळिशीनंतर त्यांची टर उडवणे, अशी आपल्याकडे एक रीतच पडली आहे. दोन्ही वेळा विचार मात्र तपासायचा राहून जातो. मी विद्यापीठात तत्त्वज्ञान शिकलेलो नाही. दस्त तयार करून देणे हा माझा व्यवसाय. पण माणसे आपले हित कसे लिहून देतात आणि कसे सोडून देतात, हे त्या टेबलावरून रोज दिसते. म्हणून हा विचार पुस्तकात किती टिकतो यापेक्षा घरात, शेतात आणि मतदानाच्या रांगेत किती टिकतो, हे पाहावेसे वाटले.

तीन अटी

रँड यांचा जन्म १९०५ साली रशियात, सेंट पीटर्सबर्गमध्ये झाला. वडिलांचे औषधांचे दुकान होते. १९१७च्या क्रांतीनंतर ते सरकारजमा झाले. समाजासाठी त्याग करा, असे सांगणारा आणि दुकान ताब्यात घेणारा एकच असतो, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले. १९२६ साली त्या अमेरिकेला गेल्या त्या कायमच्या. त्यांच्या लिखाणात 'त्याग' या शब्दाविषयी जो संताप दिसतो, त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

पण त्यांचा स्वार्थ म्हणजे 'मन मानेल ते करा' असा परवाना नव्हे. त्याला तीन अटी आहेत. पहिली, विवेकाची. हवेसे वाटणे आणि हिताचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दारुड्याला दारू हवी असते, म्हणून ती त्याच्या हिताची ठरत नाही. दुसरी अट काळाची. हित मोजायचे ते आजच्या संध्याकाळपुरते नव्हे, सबंध आयुष्याच्या मापाने. दुधात पाणी घालणारा गवळी आज चार रुपये मिळवतो आणि उद्याचे गिऱ्हाईक घालवतो. तिसरी अट देवाणघेवाणीची : मी दुसऱ्यासाठी स्वतःचा बळी देणार नाही आणि दुसऱ्यानेही माझ्यासाठी द्यावा अशी अपेक्षा ठेवणार नाही. या तिसऱ्या अटीमुळे चोर आणि लबाड हे रँड यांच्या हिशेबात स्वार्थी ठरतच नाहीत. ते दुसऱ्याच्या कष्टावर जगणारे, म्हणजे परावलंबी ठरतात.

मग प्रेमाचे काय? त्यांचे एक उदाहरण असे : बायकोच्या आजारपणात नवरा सगळी पुंजी ओततो. लोक त्याला त्याग म्हणतात. रँड म्हणतात, हा त्याग नव्हेच. बायको त्याला पुंजीपेक्षा मोलाची वाटते, म्हणून तो कमी मोलाचे देऊन अधिक मोलाचे वाचवतो आहे. त्याग म्हणजे याच्या उलट : आपल्या लेखी अधिक मोलाचे असलेले कमी मोलाच्या गोष्टीसाठी सोडणे.

घरातली कसोटी : हक्कसोडपत्र

ही व्याख्या माझ्या टेबलावर रोज उपयोगी पडते. वडील वारल्यावर भाऊ बहिणींना घेऊन येतात. बहिणी वडिलोपार्जित मिळकतीतला आपला हिस्सा भावांच्या लाभात सोडतात. महाराष्ट्राने १९९४ साली कायदा दुरुस्त करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाच्या बरोबरीने जन्मतः हक्क दिला. २००५ साली तो देशभर आला. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात त्याबाबतच्या बऱ्याच शंका मिटवल्या. कायद्याने दिलेले ते हक्कसोडपत्राने परत जाते.

या दस्तात एक ठराविक वाक्प्रयोग असतो : हे सर्व मी 'राजीखुशीने व अक्कलहुशारीने' लिहून देत आहे. आपल्या जुन्या दस्तलेखकांनी रँड यांच्या कितीतरी आधी अटी बरोबर पकडल्या होत्या. संमती हवी आणि तीही बुद्धीने दिलेली हवी. प्रश्न असा, की त्या खरोखर पाळल्या जातात का? 'का सोडता?' असे विचारले की उत्तर बहुधा एकच येते : 'माहेर तुटायला नको.' म्हणजे सौदा आहेच. फक्त एका बाजूला सात-बारावरचा हिस्सा आहे आणि दुसऱ्या बाजूला दिवाळीची ओवाळणी.

इथे रँड यांचा विचार एक स्वच्छ कसोटी देतो. बहिणीने हिस्सा सोडूच नये, असे तो म्हणत नाही. भाऊ अडचणीत आहे, तो सावरणे तिला जमिनीपेक्षा मोलाचे वाटते, तर तिने खुशाल सोडावा. ते तिच्याच हिताचे आहे. पण 'नाही' म्हटल्यावर नाते टिकणार नसेल, तर ती देणगी नव्हे, खंडणी आहे. त्याग कोण करतो हे बघण्याआधी तो कोण मागतो आणि त्याचे फळ कुणाच्या पदरात पडते, हे बघावे. ही एवढी सवय लागली तरी घरातले निम्मे प्रश्न निराळे दिसू लागतात. घरची नोकरी कुणी सोडायची, म्हाताऱ्या माणसांचे अंथरूण कुणी काढायचे, शिक्षणाचा पैसा कुणावर आधी खर्च करायचा, या प्रश्नांची उत्तरे 'प्रेमाने' ठरतात असे आपण म्हणतो. पण त्या प्रेमाची वजावट वर्षानुवर्षे एकाच खात्यातून होत असते.

शेतातली कसोटी : कांदा

हेच राजकारणात पाहू. महाराष्ट्रात हिताची भाषा उघडपणे बोलणारे मोठे आंदोलन झाले ते शरद जोशी (१९३५–२०१५) यांचे. स्वित्झर्लंडमधली आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेची नोकरी सोडून ते परतले, चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती केली आणि त्या शेतीच्या हिशेबातून शेतकरी संघटना उभी राहिली. त्यांनी शेतकऱ्यासाठी दया मागितली नाही, घामाचे दाम मागितले. सरकार शेतकऱ्याला अनुदान देते त्यापेक्षा भाव पाडून अधिक काढून घेते, या त्यांच्या मांडणीतून 'उणे सबसिडी' हा शब्द मराठीत रुजला.

कांद्याचा अलीकडचा इतिहास या मांडणीचा जिवंत दाखला आहे. भाव चढू लागताच केंद्र सरकारने २०२३च्या ऑगस्टमध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले आणि डिसेंबरमध्ये निर्यातच बंद केली. ती २०२४च्या मे महिन्यात उठली, तीही शुल्क कायम ठेवून. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वस्त कांदा मिळावा, ही इच्छा वाईट नाही. पण त्याची किंमत करातून, म्हणजे सगळ्यांच्या खिशातून, न काढता फक्त कांदा पिकवणाऱ्याच्या खिशातून काढली जाते. आणि ती काढताना त्याला 'बळीराजा' म्हटले जाते. रँड यांची शंका इथे शब्दशः लागू पडते : ज्याचा फार गौरव चालू आहे, त्याच्याकडून काय मागितले जाणार आहे, ते तपासा.

मात्र ही भूमिका दुधारी आहे. बंदी नको म्हणणाऱ्याला संरक्षणही मागता येत नाही. जोशी यांनी डंकेल प्रस्तावाचे, म्हणजे खुल्या व्यापाराचे, समर्थन केले आणि त्यासाठी अनेक सहकाऱ्यांचा विरोध पत्करला. घामाचे दाम मागणाऱ्या शेतकऱ्याने घरातल्या बाईच्या घामाचेही दाम मोजले पाहिजे, हा विचारही त्यांनी सोडला नाही. लक्ष्मीमुक्ती मोहिमेत शेतकऱ्यांनी जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करावा असा आग्रह होता. तत्त्व आपल्या सोयीपुरते वापरायचे नसेल, तर ते आपल्या ओट्यावरही येऊन उभे राहते.

मतदाराचा हिशेब

'ॲटलास श्रग्ड' निघाली त्याच वर्षी, १९५७ साली, अँथनी डाउन्स या अर्थशास्त्रज्ञाचे लोकशाहीचे आर्थिक विवेचन करणारे पुस्तक आले. त्याचे निरीक्षण अस्वस्थ करणारे आहे. माझ्या एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य. मग सगळे जाहीरनामे वाचून अभ्यास करण्यात वेळ घालवणे मला परवडत नाही. प्रत्येकाचे अज्ञान त्याच्यापुरते शहाणपणाचे आणि सगळ्यांचे मिळून घातक.

अशा वेळी दारात आलेली ठोस रक्कम मोजता येते. २०२४ पासून 'लाडकी बहीण' योजनेत पात्र महिलांना महिना १,५०० रुपये, म्हणजे वर्षाला १८,००० रुपये मिळू लागले. 'पैशासाठी मत दिले' असे त्यांना हिणवणाऱ्यांतले काही जण गृहकर्जाच्या व्याजावर प्राप्तिकराची सवलत घेतात. माप एकच ठेवावे. सरकारी मदतीच्या कट्टर विरोधक रँड यांनीही १९६६ साली लिहिले, की ज्यांचा अशा मदतीला तत्त्वतः विरोध आहे, त्यांनी ती आपल्याच पैशाची परतफेड म्हणून घ्यायला हरकत नाही. घेणे हा दोष नाही. ही रक्कम कुठून येते, त्यासाठी कोणता खर्च मागे पडतो आणि ते कर्ज कोण फेडणार, हे न विचारणे हा दोष आहे. काळाची अट तिथे मोडते.

जिथे विचार अपुरा पडतो

आता दुसरी बाजू. विवेकी माणसांच्या हितांत खरा संघर्ष नसतोच, असा रँड यांचा दावा आहे. तो विहिरीपाशी अडखळतो. शेजाऱ्याने दोनशे फुटांवर बोअर घेतली, म्हणून मी चारशेवर जातो. मी थांबलो तर माझ्या वाट्याचे पाणी तो उपसणार. माझे पाऊल विवेकाचे, त्याचेही विवेकाचे. पाच उन्हाळ्यांनी दोघांच्या बोअरमधून हवा येते. १९५० साली अमेरिकेतल्या रँड कॉर्पोरेशन या संस्थेत अशाच पेचाची गणिती मांडणी झाली. पुढे तो 'कैद्यांचा पेच' म्हणून प्रसिद्ध झाला. नावाचे साम्य हा निव्वळ योगायोग. पण लेखिकेच्या दाव्याला उत्तर त्याच नावाच्या दारातून आले.

२००८च्या आर्थिक कोसळीत हेच मोठ्या प्रमाणावर दिसले. तरुणपणी रँड यांच्या वर्तुळात असलेले ॲलन ग्रीनस्पॅन पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे प्रमुख झाले. बँका आपल्या हितासाठी तरी भागधारकांचा पैसा सांभाळतील, हे आपले गृहीतक सदोष निघाले, असे त्यांनी त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे मान्य केले. निर्णय घेणारा एक आणि बुडणारा दुसरा, असे झाले की स्वार्थ पहारेकरी उरत नाही.

यावर उपदेश हा उपाय नव्हे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० सालच्या आपल्या ग्रंथात जगभरची कुरणे, कालवे, मासेमारीच्या जागा तपासून दाखवले, की माणसे सरकारवर किंवा बाजारावर न सोपवताही सामाईक साधन सांभाळू शकतात. त्यासाठी वापरणाऱ्यांनी स्वतः केलेले नियम, एकमेकांवर नजर आणि मोडणाऱ्याला चढता दंड हवा. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. त्याचा आपल्याकडचा नमुना म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार. तिथे शेतीसाठी बोअर घ्यायची नाही आणि ऊस, केळी यांसारखी तहानलेली पिके लावायची नाहीत, असा गावाचा नियम आहे. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरतात. याला त्याग म्हणणे चूक आहे. शेजारीही बोअर घेणार नाही ही खात्री मिळाली, म्हणून माझे न घेणे माझ्या फायद्याचे झाले. स्वार्थ तोच राहिला, हिशेब तेवढा चावडीवर आला.

म्हणून रँड यांच्या तीन अटींना मी एक चौथी जोडतो : ज्यांच्यावर माझ्या निर्णयाचा परिणाम होतो, त्यांना माझा हिशेब दिसला पाहिजे. बहिणीला हिश्शाची आजची किंमत सांगून मग सही घ्यावी. निर्यातबंदीच्या आदेशासोबत शेतकऱ्याचे किती नुकसान होईल, तेही जाहीर करावे. योजनेच्या जाहिरातीत खर्च कशातून भागणार, ते छापावे. विहिरींची पातळी ग्रामसभेत वाचावी. एवढे झाल्यावर कुणी काही सोडायचे ठरवले, तर त्याने ते राजीखुशीने व अक्कलहुशारीने सोडले, असे दस्तात लिहिताना हात अडणार नाही.