नगरच्या किल्ल्यातले बोअर कारागीर

नगरच्या भुईकोट किल्ल्याचं नाव निघालं की चांदबिबी आठवते, नाहीतर १९४२ ते ४५ तिथे कैदेत असलेले नेहरू. पण त्याआधी चाळीस वर्षं याच तटाआड दक्षिण आफ्रिकेतले गोरे शेतकरी, म्हणजे बोअर, कोंडलेले होते, हे कितीजणांना ठाऊक आहे? ज्या युद्धात गांधीजींच्या पथकाने जखमींची स्ट्रेचर वाहिली, त्या बोअर युद्धातले (१८९९–१९०२) हे कैदी. सेंट हेलेना आणि सिलोनपाठोपाठ इंग्रजांनी त्यांना हिंदुस्थानातही धाडलं. इथे आले सुमारे नऊ हजार. नगर, बेळ्ळारी, त्रिचनापल्ली, सियालकोट अशा छावण्यांत वाटले गेले.

बोअरांची फौज म्हणजे पगारी पलटण नव्हे. स्वतःचा घोडा घेऊन लढायला आलेले शेतकरी ते. गाडीचं चाक, चामड्याची वादी, सगळं घरीच दुरुस्त करायची सवय. अशा हातांना एकदम काम उरलं नाही, आणि युद्ध कधी संपणार हेही कोणी सांगेना. मग त्यांनी कोरायला घेतलं.

हत्यारं? कैद्याला धारदार वस्तू कोण देणार! खिशातला छोटा चाकू, दगडावर घासलेला खिळा, फुटक्या बाटलीची काच. काचेचा काठ लाकडावरून तिरका ओढला की पातळ साल सुटते आणि खाली गुळगुळीत अंग निघतं. रंध्याचं काम काचच करते. हाड रेशनच्या मांसातलं. ते आधी उकळून चरबी काढायची, नाहीतर पुढे पिवळं पडतं. मग उन्हात वाळवून कापायचं, घासायचं, आणि त्यातून ब्रोच किंवा कागद कापायची सुरी काढायची. लाकडाच्या चिलमी, डब्या, साप वेटोळे घालून चढलेल्या हातकाठ्या. त्यांवर बरेचदा स्वतःचं नाव, छावणी आणि साल. गिऱ्हाईक कोण, तर पहाऱ्यावरचेच गोरे सोजीर!

असंच काही त्याच्याही शंभर वर्षं आधी इंग्लंडमध्ये घडलं होतं. नॉर्मन क्रॉस छावणीतल्या फ्रेंच कैद्यांनी हाडांची जहाजं केली, डोलकाठ्या-दोरांसकट. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांच्या फुलदाण्या झाल्या. त्यांना खंदकातली कला म्हणतात खरं, पण गोळ्या चालू असताना नक्षी काढत कोण बसेल? त्यातल्या कितीतरी आघाडीच्या मागे, सवडीने घडल्या. मला तरी कैद्यांचं काम सरस वाटतं. सामान कमी आणि वेळ अमाप.

बोअर कैद्यांच्या वस्तूंचा मोठा संग्रह आज ब्लोमफॉन्टेनच्या युद्धसंग्रहालयात आहे. पण विकलेली प्रत्येक वस्तू काही परत गेली नसणार. तेव्हा नगरला गेलात आणि जुन्या बाजारात साप कोरलेली काठी दिसली, तर नाव आणि १९०१ किंवा १९०२ साल शोधा. आणि चकचकीत करायला तिला पॉलिश पेपर मारू नका. आधी नावच पुसलं जाईल.