माझगाव डॉकच्या युद्धनौका आणि आरंभीची विमानवेधी क्षेपणास्त्रे

प्रस्तावना :

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात विमान आणि विमानवेधी तोफ यांच्यातील स्पर्धा तोफेच्या हातून निसटत चालली होती. याचे कारण साध्या गणितात आहे. सात-आठ किलोमीटर उंचीवर गोळा पोहोचण्यास सुमारे 20 सेकंद लागत. ताशी 400 किलोमीटर वेगाचे विमान तेवढ्या अवधीत दोन किलोमीटरहून अधिक पुढे जाई. नळीतून सुटलेल्या गोळ्याची दिशा बदलता येत नसल्याने तोफखान्याला विमान जेथे असेल तेथे नव्हे, तर जेथे असण्याची शक्यता आहे तेथे मारा करावा लागे. वैमानिकाने थोडी जरी दिशा बदलली, तरी सर्व आकडेमोड व्यर्थ ठरे. एक विमान पाडण्यासाठी हजारो गोळे खर्ची पडत. सुटल्यानंतरही वळविता येईल असे अस्त्र ही त्या काळाची गरज त्यातून निर्माण झाली. अशा अस्त्रांचा आरंभीचा इतिहास महाराष्ट्राच्या संदर्भात पाहावयाचा झाल्यास मुंबईच्या माझगाव डॉकइतके बोलके स्थळ दुसरे नाही. प्रस्तुत लेखात तेथे बांधल्या गेलेल्या युद्धनौकांच्या आधारे या विषयाचा परिचय करून देण्यात आला आहे.

जागतिक पार्श्वभूमी :

जर्मनीने ‘वासरफाल’ या द्रवइंधनी क्षेपणास्त्राच्या चाचण्या 1944 मध्ये घेतल्या; मात्र ते प्रत्यक्ष युद्धात उतरले नाही. अमेरिकेचे ‘नाइकी एजॅक्स’ 1954 मध्ये तैनात झाले. सोव्हिएत संघाने मॉस्कोभोवती एस-25 प्रणाली उभारली आणि त्यापाठोपाठ एस-75 आणली. याच एस-75 ने 1 मे 1960 रोजी अमेरिकेचे यू-2 हे टेहळणी विमान पाडले आणि केवळ उंचीवर विसंबून सुरक्षित राहण्याचे दिवस संपले.

समुद्रावरील प्रश्न काहीसा वेगळा होता. ऑक्टोबर 1944 पासून जपानी आत्मघातकी वैमानिक थेट जहाजांवर आदळू लागले. अशा विमानाला केवळ हानी पोहोचवून भागत नव्हते, ते वाटेतच नष्ट करणे आवश्यक होते. अमेरिकेने 1955 मध्ये ‘बॉस्टन’ या क्रूझरवर ‘टेरियर’ क्षेपणास्त्रे बसविली. ब्रिटनचे ‘सीस्लग’ इतके अवजड होते की जहाजाची रचनाच त्याच्याभोवती करावी लागे. लहान जहाजांसाठी निराळा उपाय हवा होता. बेलफास्टच्या शॉर्ट ब्रदर्स या कंपनीने तो ‘सीकॅट’च्या रूपाने दिला.

नीलगिरी आणि सीकॅट :

माझगाव डॉक 1960 मध्ये भारत सरकारच्या ताब्यात आली. ब्रिटनच्या लिअँडर वर्गाच्या आराखड्यावरून तेथे बांधलेल्या ‘आयएनएस नीलगिरी’चे जलावतरण 23 ऑक्टोबर 1968 रोजी झाले आणि 3 जून 1972 रोजी ती नौदलात दाखल झाली. तिच्यावर सीकॅट होते. 1981 पर्यंत या वर्गाच्या सहा नौका माझगाव डॉकने बांधल्या.

सीकॅटची कार्यपद्धती आज विलक्षण वाटेल इतकी साधी होती. चार क्षेपणास्त्रांचा प्रक्षेपक जुन्या 40 मिलिमीटर बोफोर्स तोफेच्या जागी बसत असे. मूळ आवृत्तीत चालक दुर्बिणीतून विमानाकडे पाही. क्षेपणास्त्राच्या शेपटाकडील प्रखर ज्योतीमुळे त्याला तेही दिसे. हातातील लहान दांडा हलवून तो रेडिओद्वारे आज्ञा देई आणि ज्योत व विमान एका रेषेत आणी. मार्गदर्शनाचे गणित करणारे यंत्र म्हणजे चालकाचे डोळे आणि मनगट! पुढे रडारची जोड मिळाली. पहिल्या नौकेनंतरच्या भारतीय नौकांवर तर हॉलंडच्या सिग्नाल कंपनीची रडारे आली. परंतु क्षेपणास्त्राचा वेग ध्वनीपेक्षा कमीच राहिला आणि पल्ला सुमारे पाच किलोमीटरच.

या मर्यादेचा अर्थ नीलगिरी दाखल होण्यापूर्वीच स्पष्ट झाला होता. 21 ऑक्टोबर 1967 रोजी इजिप्तच्या लहान नौकांनी ‘स्टिक्स’ क्षेपणास्त्रांनी इस्रायलची ‘ऐलात’ ही विनाशिका बुडविली. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री भारतीय क्षेपणास्त्र नौकांनी कराचीसमोर त्याच अस्त्राचा वापर केला. ‘खैबर’ ही पाकिस्तानी विनाशिका त्यात बुडाली. आपल्यावर विमानाने हल्ला केला आहे, असाच तिच्यावरील नौसैनिकांचा समज झाला होता. हा गैरसमज मार्मिक आहे. विमानाविरुद्ध सज्ज असलेल्या जहाजांपुढे आता वैमानिक नसलेले, आकाराने लहान आणि माघार न घेणारे लक्ष्य उभे होते. जे शस्त्र भारताने यशस्वीपणे वापरले, ते उद्या आपल्यावरही येऊ शकते, हा त्या विजयाचा दुसरा अर्थ होता.

ध्वनीच्या नऊ-दशांश वेगाने येणारे क्षेपणास्त्र पाच किलोमीटर अंतर सुमारे 16 सेकंदांत कापते. तेवढ्यात लक्ष्य शोधणे, सीकॅट सोडणे, ते दृष्टीच्या टप्प्यात आणणे आणि नेमकेपणाने वळविणे ही मानवी क्षमतेची कसोटी होती. 1982 च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश नौदलाने 80 हून अधिक सीकॅट डागली. त्यांनी पाडलेल्या विमानांचा आरंभीचा दावा युद्धोत्तर तपासात जवळजवळ निकालात निघाला. तथापि सीकॅटला केवळ अपयशी म्हणणे अन्यायाचे होईल. जे जहाज मोठी यंत्रणा वाहूच शकत नाही, त्याला ते काही तरी देत होते.

गोदावरी : दोन परंपरांचा मेळ

10 डिसेंबर 1983 रोजी दाखल झालेली ‘आयएनएस गोदावरी’ हा या इतिहासातील सर्वांत रोचक टप्पा होय. लिअँडरची लांबी सुमारे 113 मीटर होती. गोदावरीची 126 मीटरपर्यंत वाढविण्यात आली. बाष्पयंत्रणा मात्र मूळ क्षमतेचीच ठेवली. या ब्रिटिश परंपरेच्या सांगाड्यात सोव्हिएत ‘ओसा-एम’ विमानवेधी प्रणाली, स्टिक्सची सुधारित आवृत्ती, इटलीची माहिती-प्रणाली आणि दोन सी किंग हेलिकॉप्टरे सामावण्यात आली. ओसा-एमचा प्रक्षेपक वापरात नसताना डेकखालच्या दंडगोलात उतरे. त्यामुळे डेकवर जागा मोकळी राही, पण डेकच्या पोटात खोल जागा सोडावी लागे. क्षेपणास्त्र स्वनातीत होते, पल्ला दहा किलोमीटरच्या आसपास होता आणि आज्ञा देण्याचे काम मनगटाऐवजी रडारशी जोडलेल्या गणनयंत्राकडे गेले होते.

खरी अडचण क्षेपणास्त्राची नव्हतीच. सोव्हिएत आणि पाश्चात्त्य उपकरणांची विद्युत मानके वेगळी, संदेशांची भाषा वेगळी. एकमेकांच्या रडार लहरींत व्यत्यय न आणता त्यांना एका डोलकाठीभोवती नांदवायचे होते. दोन्ही पुरवठादारांपैकी कोणाकडेही याचे तयार उत्तर असणे शक्य नव्हते. ते नौदलाच्या रचनाकारांना आणि गोदीतील तंत्रज्ञांनाच शोधावे लागले. परवान्याने जहाज बांधणे आणि स्वतः जहाज रचणे यांतील अंतर येथे पार झाले, असे म्हणता येते.

1983 मध्ये सुरू झालेल्या एकात्मिक क्षेपणास्त्र विकास कार्यक्रमातील ‘त्रिशूल’कडून नौदलाला मोठ्या अपेक्षा होत्या. पाण्यालगत उडणाऱ्या क्षेपणास्त्रांना ते अडवील असे योजले होते. ते साध्य न झाल्याने इस्रायलचे ‘बराक-1’ स्वीकारावे लागले. 1997 मध्ये माझगाव डॉकनेच बांधलेल्या ‘आयएनएस दिल्ली’वर ‘श्टिल’ आले. 2014 च्या ‘आयएनएस कोलकाता’वर भारत-इस्रायल यांनी संयुक्तपणे विकसित केलेले ‘बराक-8’ आहे. त्याचा पल्ला 70 किलोमीटरहून अधिक असून अखेरच्या टप्प्यात त्याच्या टोकातील रडार लक्ष्य स्वतः शोधते.

मूळ नीलगिरी 1996 मध्ये सेवामुक्त झाली आणि पुढच्याच वर्षी सी हॅरियर विमानातून सोडलेल्या ‘सी ईगल’ क्षेपणास्त्राचे लक्ष्य म्हणून बुडविण्यात आली. 15 जानेवारी 2025 रोजी त्याच नावाची, त्याच गोदीत बांधलेली नवी फ्रिगेट मुंबईत नौदलात दाखल झाली. तिच्यावरील विमानवेधी क्षेपणास्त्रे डेकखालच्या कोठड्यांतून सरळ वर झेपावतात.