चव आणि प्रकृती, लेखांक 9 : कळण्याची भाकर, खुडा आणि कल्हई

मागच्या लेखांकात फोडणीतल्या जिन्नसांचा क्रम पाहिला. आज तेच जिन्नस एका गावच्या ताटात बघायचे आहेत. धुळ्याहून शिरपूरकडे निघालं की मुंबई-आग्रा महामार्गावर विसेक किलोमीटरवर सोनगीर लागतं. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी गाव, आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी खान्देशभर नाव. बाहेरच्या माणसाला खान्देशी जेवण म्हटलं की लाल तर्रीची शेवभाजी आठवते. महामार्गावरच्या ढाब्यांनी ती ओळख पक्की केली आहे. घराघरातलं रोजचं जेवण मात्र वेगळं. भाकर, दाळ, एखादी पालेभाजी आणि ताटाच्या कडेला मिरचीचा खुडा. मसाल्याचा प्रकृतीला खरा उपयोग काय, हे या साध्या ताटात जितकं नीट कळतं तितकं कुठल्याही काढ्यात कळत नाही.

भाकर कळण्याची. साधारण चार वाट्या ज्वारीला एक वाटी अख्खे काळे उडीद आणि मीठ घालून एकत्र दळून आणायचं, की कळणा तयार. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, भाकरी थापताना कडा फाटतात. उडदाच्या चिकटपणामुळे कळण्याची भाकर नीट थापली जाते. हा झाला हाताचा फायदा. पोटाचा त्याहून मोठा. धान्याच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं, ते डाळी भरून काढतात. डाळींत कमी असणारं मेथिओनिन धान्याकडून मिळतं. उडीद सालीसकट दळल्यामुळे तंतूही मिळतात. बाजारात आता मल्टिग्रेन म्हणून महाग पाकिटं येतात. ज्यांच्या घरी कळणा दळून येतो त्यांना त्यांची काही गरज नाही.

अडचण आहे ती लोहाची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयोगटातल्या 54 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. ज्वारीत लोह असतं, उडदात असतं, पोकळ्यात आणि मेथीतही असतं. पण धान्य-डाळींतली फायटेट्स ते धरून ठेवतात आणि आतड्यातून थोडंच रक्तात उतरतं. ताटाच्या कडेचे जिन्नस कामाला येतात ते इथे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धान्यांत आणि डाळींत लसूण किंवा कांदा मिसळला, तेव्हा त्यांतलं लोह आणि जस्त शोषणासाठी जास्त मोकळं झालं. कच्च्यातही आणि शिजवलेल्यातही. त्याच संस्थेच्या आधीच्या कामात आमचुरानेही असाच परिणाम दाखवला होता. हे प्रयोग प्रयोगशाळेतल्या पचनाचे आहेत, माणसांच्या रक्ताचे नाहीत, एवढं भान ठेवायला हवं. पण लिंबू, आवळा, हिरवी मिरची यांतलं सी जीवनसत्त्व वनस्पतींमधल्या लोहाचं शोषण वाढवतं, हे मात्र पक्कं सिद्ध झालेलं आहे. दाळीवर पिळलेलं लिंबू आणि भाकरीबरोबर बुक्कीने फोडलेला कांदा ही नुसती चैन नाही. आमचूर तर आपल्या शेजारचंच. सातपुड्यात धडगाव भागातल्या आदिवासी बाया कैऱ्या सोलून, कापून, वाळवून ते करतात. जेवल्या जेवल्या चहा घेण्याची सवय तेवढी सोडावी. चहातली टॅनिन्स लोह पुन्हा अडवून ठेवतात.

आता खुडा. बहुतेक घरी हिरव्या मिरच्या आणि लसूण थोड्या तेलावर तव्यात परततात, मीठ घालतात आणि तव्यातच तांब्याच्या किंवा वाटीच्या बुडाने रगडतात. चवीला उत्तम. फक्त लसणाचा एक गुण यात हातचा जातो. लसणाची पाकळी चिरडली की तिच्यातलं एक विकर जागं होतं आणि ॲलिसिन तयार होतं, लसणाचा झणका तो हाच. अख्खी पाकळी आधीच भाजली तर ते विकर उष्णतेने निकामी होतं, मग नंतर कितीही रगडा. म्हणून लसूण आधी ठेचून दहा मिनिटं बाजूला ठेवावा, मिरच्या तव्यावर परताव्यात, तवा खाली उतरवावा आणि मग लसूण घालून रगडावं. मिरचीही करपेपर्यंत भाजू नये, कारण तिच्यातलं सी जीवनसत्त्व उष्णतेने नासतं. ज्या शोधांसाठी शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांना 1937 चं नोबेल मिळालं त्यांत या जीवनसत्त्वावरचं काम होतं, आणि त्यांनी ते मोठ्या प्रमाणात वेगळं केलं होतं हंगेरीतल्या मिरचीपासूनच. आम्लपित्त किंवा मूळव्याध असलेल्यांनी मात्र खुड्यात मिरची निम्मी करून भाजलेले शेंगदाणे घालावेत.

हळदीबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण तिच्या नावाने फार काही विकलं जातं. हळदीतल्या कर्क्युमिनबरोबर मिऱ्यातलं पायपरिन दिलं तर त्याचं शोषण वीसपट होतं, हा 1998 सालचा बंगळुरूचा अभ्यास सगळीकडे सांगितला जातो. त्यात माणसांना 2 ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिलं होतं, हे सहसा सांगितलं जात नाही. आपण दाळीत अर्धा चमचा म्हणजे दीडेक ग्रॅम हळद टाकतो, तिच्यात कर्क्युमिन सुमारे तीन टक्के. म्हणजे साऱ्या घरासाठी मिळून 45 मिलिग्रॅम. अभ्यासातला डोस त्याच्या चाळीसपटीहून जास्त होता. दाळीतली हळद ही रंगाची, वासाची, चवीची गोष्ट आहे आणि ती तशी उत्तम आहे. जास्त मात्रेच्या हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत. त्या डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत.

मग शेवभाजीतल्या काळ्या मसाल्याचं काय? भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, धणे, दगडफूल, लवंग, मिरे, तेजपान. यातलं काहीही वाईट नाही. बिघडतं ते तेलाने. ढाब्यावरच्या शेवभाजीत तर्री वर तरंगायलाच हवी, म्हणून तेल सढळ हाताने. त्यात पडणारी शेव आधीच तळलेली आणि खारी. मिठाची दिवसाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने 5 ग्रॅमच्या आत सांगितली आहे, साधारण एक चमचा. शेव, पापड, लोणचं एकाच ताटात आले की ती कधी ओलांडली जाते कळतही नाही. शेवभाजी सणावारी, पाहुण्यांबरोबर जरूर खावी. रोजच्यासाठी याच मुलखात फुणके आहेत. तुरीची डाळ भिजवून जाडसर वाटायची, तीत कांदा, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, असेल तर मेथी घालून मुटके वळायचे आणि वाफवायचे. बरोबर कढी. मसाल्याचा सगळा वास, प्रथिनं भरपूर, तेल जवळपास नाहीच. फुणक्यांना खान्देशाबाहेर कोणी ओळखत नाही, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

मिरचीच्या खरेदीत एक काळजी घ्यावी. नंदुरबार, दोंडाईचा या मिरचीच्या मोठ्या बाजारपेठा. नंदुरबारला लाल मिरची पथारींवर उघड्यावर वाळते. मध्येच अवकाळी पाऊस आला की ओल राहते, बुरशी धरते, आणि काही बुरशींतून अफ्लाटॉक्सिन हे यकृताला घातक विष तयार होतं. ते शिजवून जात नाही. म्हणून तयार तिखट घेण्यापेक्षा अख्खी मिरची घ्यावी. हातात धरून हलवली की आतलं बी खुळखुळलं पाहिजे. देठाशी पांढुरकी किंवा काळपट मिरची निवडून फेकून द्यावी, उरलेली कडक उन्हात पुन्हा वाळवावी आणि मगच डंकावर न्यावी.

आणि शेवटी भांडं, कारण सोनगीरची गोष्ट त्याशिवाय पुरी होत नाही. चिंच, आमचूर, ताक, टोमॅटो यांतलं आम्ल उघड्या तांब्या-पितळेशी भिडलं की तांबं अन्नात उतरतं. आपण त्याला कळकणं म्हणतो. 1980 च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी लहान मुलांच्या एका जीवघेण्या यकृतविकाराचा संबंध बिनकल्हईच्या पितळी भांड्यांत तापवून ठेवलेल्या दुधाशी जोडून दाखवला. घरोघरी दुधाची भांडी स्टीलची झाली आणि तो आजार जवळपास दिसेनासा झाला. हा दोष पितळेचा म्हणण्यापेक्षा कल्हई नसण्याचा. भांडं विस्तवावर तापवायचं, आत नवसागर टाकायचा, कथिलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झपाट्याने फिरवायचं, की चांदीसारखा थर बसतो. कथिल 232 अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापत ठेवू नये आणि त्यात कडक फोडणी करू नये. फोडणी लोखंडी कढईत करावी, दाळ कल्हईच्या पातेल्यात शिजवावी, फोडणी वरून ओतावी.

सोनगीरहून हौसेने पातेलं आणलं असेल तर आज ते उजेडात धरून आत बघा. कुठे तांबूस-पिवळं दिसू लागलं असेल तर त्यात आंबट शिजवणं थांबवा आणि कल्हईवाल्याला गाठा. कल्हई करणारे हात कमी होत चालले आहेत, त्यांना काम मिळत राहिलं तरच ते टिकतील. पुढच्या लेखांकात आंबाडी, घोळ आणि चिवळ या पालेभाज्या.