आधी पोचतो तो शेजारी

१९ जुलै २०२३. रात्रीचे अकरा वाजायला आले होते. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. अठ्ठेचाळीस घरांची, सव्वादोनशेच्या वर वस्ती असलेली ठाकरांची वाडी. वर जायला रस्ता नाही, पायवाट तेवढी. पावसात ती चढायला दीड तास लागतो. जेसीबी वर नेता येईना, हवेमुळे हेलिकॉप्टर उतरेना. मग फावडी, कुदळी आणि हात यांनीच शोध चालला. सत्तावीस मृतदेह मिळाले. सत्तावन्न माणसं सापडलीच नाहीत. २३ जुलैला शोध थांबवला गेला. धोक्याच्या गावांची जी सरकारी यादी असते, तिच्यात या वाडीचं नाव नव्हतं.

आमचं पोशीर कर्जत तालुक्यात, माथेरानच्या डोंगराच्या अलीकडे. इर्शाळ पलीकडे. पाऊस मात्र दोन्हीकडे तोच, आणि डोंगराच्या कुशीतल्या वाड्याही तशाच. म्हणून त्या रात्रीची एक गोष्ट इथल्या माणसाच्या मनातून जात नाही. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान पोचले तेव्हा मध्यरात्र केव्हाच उलटली होती. त्याआधी हाका मारल्या त्या वाडीतल्याच वाचलेल्या पोरांनी. धावले ते पायथ्याच्या गावातले लोक, आणि खोपोलीच्या यशवंती हायकर्ससारख्या संस्थांची डोंगर जाणणारी मुलं. वर पोचणाऱ्या प्रत्येकाला पहिला प्रश्न पडत होता: आत किती जण आहेत? कोणी मासे धरायला गेलेलं, काही मुलं आश्रमशाळेत, कोणी पाहुणं आलेलं. कोणत्या घरात त्या रात्री कोण निजलं होतं, हे कुठल्याच कागदावर नव्हतं. ते शेजाऱ्याला माहीत होतं, आणि शेजारीही मातीखाली होता.

हे इथलंच नाही. १७ जानेवारी १९९५ ला जपानमधल्या कोबे शहरात भूकंप झाला. जपानसारखा तयारीचा देश. तरीही ढिगाऱ्याखालून जी माणसं जिवंत निघाली त्यांतली सुमारे तीन चतुर्थांश माणसं घरच्यांनी आणि शेजाऱ्यांनीच ओढून काढली होती. सरकारी पथक कितीही चांगलं असो, त्याला रस्ता कापत यावं लागतं. शेजारी तिथे असतोच.

आता प्रश्न असा, की हा शेजारी शिकलेला असावा की नुसता भला? १९८५ साली मेक्सिको शहराच्या भूकंपात भल्या माणसांनी, कुठलंही शिक्षण नसताना, सुमारे आठशे जणांना वाचवलं. त्या धडपडीत त्यांच्यातलेच शंभरेक लोक प्राणांना मुकले. अर्धवट पडलेल्या घरात कसं शिरावं, कधी शिरू नये, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. त्याच वर्षी लॉस एंजेलिसच्या अग्निशमन दलाने सामान्य रहिवाशांना शिकवायला सुरुवात केली, आणि पुढे तो उपक्रम अमेरिकाभर गेला. आपल्याकडचं उदाहरण अधिक जवळचं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला कृष्णेच्या पुरातून लोकांना बाहेर काढणारी गावचीच बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसं बुडाली. बोटीत जागेपेक्षा जास्त लोक होते, अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. पाणी चढत असताना काठावरच्या माणसाला ‘तू पुढच्या खेपेला ये’ असं सांगणं सोपं नाही. ते सांगणारा एक माणूस काठावर लागतो, आणि त्याचं ऐकलं जाईल इतका तो लोकांना माहीत असावा लागतो.

असा माणूस कुठे शोधायचा? एक उत्तर असं, की जिथे लोक दर आठवड्याला आपणहून एकत्र येतात तिथे. जगभर चर्चच्या स्वयंसेवकांना आपत्तीतल्या कामाचं, विशेषतः पुढे होऊन काम हाती घेण्याचं शिक्षण दिलं जातं, त्यामागे हाच विचार आहे. वसईकडे पाहा. तिथला ख्रिस्ती समाज मराठी बोलणारा. त्यांच्याकडे धर्मग्राम असतो. म्हणजे एका चर्चभोवतीची कुटुंबं. धर्मग्रामाचे पुन्हा छोटे समूह, शेजारशेजारच्या घरांचे. कुठल्या घरात म्हातारी एकटी राहते, कोणाचा मुलगा आखातात आहे, कोण अंथरुणाला खिळलंय, हे समूहाला ठाऊक असतं. सेंट व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये निघाली. तिचे सभासद आजही गरिबाच्या घरी स्वतः जाऊन विचारपूस करतात. फाळणीच्या निर्वासितांसाठी १९४७ मध्ये प्रोटेस्टंट चर्चच्या मंडळींनी जे मदतकार्य सुरू केलं, त्यातून ‘कासा’ ही संस्था उभी राहिली. कॅथलिकांची कॅरिटास इंडिया १९६२ ची. म्हणजे घरची माहिती, लोकांचा विश्वास, बसायला सभागृह, स्वयंपाकाची मोठी भांडी आणि वर एक अनुभवी संस्था, एवढं सगळं तिथे आयतं असतं. नसतं ते शिक्षण. तेवढं द्यायचं.

मी मुसलमान, आणि आमच्या मशिदीच्या जमातीकडेही यातलं बरंच काही असतं. यादी असते, वर्गणी असते, मयतीच्या वेळी दहा मिनिटांत जमणारी माणसं असतात, भोंगा असतो. गावच्या देवळाकडे भजनी मंडळ असतं. वारकऱ्यांची शिस्त तर शिकण्यासारखी आहे. माउलींच्या पालखीच्या मुक्कामावर समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंच करतो आणि हजारोंचा टाळ-मृदंग एकदम थांबतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती तेवढी टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकतो, तिथल्या तिथे निवाडा होतो. गर्दीत आधी शांतता, मग ज्याला बोलायचं आहे त्याचं ऐकणं. आपत्तीच्या शिबिरात हेच शिकवतात. तिथे चोपदाराचा दंड नसतो, शिट्टी असते, एवढाच फरक.

या शिक्षणात असतं काय? दोरीच्या गाठी, स्ट्रेचर, प्रथमोपचार हे तर असतंच. मी कवी माणूस, गाठी मारायला शिकवण्याचा माझा अधिकार नाही, तेव्हा त्यात शिरत नाही. शिकायला खरं अवघड असतं ते पुढारपण. ‘पुढारी’ या शब्दाचं आपल्याकडे काय झालं ते तुम्ही जाणताच. इथे मात्र तो त्याच्या जुन्या, साध्या अर्थाने घ्यायचा. पुढे राहणारा. या शिक्षणातला पहिला नियम असा, की एका माणसाच्या हाताखाली साधारण पाचच माणसं. पंधरा माणसं एकालाच विचारू लागली की तो कोणाचंच ऐकत नाही. म्हणून पंधरांचे तीन गट, गटाला एक प्रमुख, आणि तिन्ही प्रमुखांनी एकाला सांगायचं. त्या एकाने स्वतः फावडं हातात घ्यायचं नाही. हे फार जड जातं. सगळे चिखलात असताना आपण वही घेऊन उभं राहायचं, कोण कुठे गेलं, किती वाजता गेलं, परत आलं का, हे लिहायचं. बघणाऱ्याला वाटतं, हा काय नुसता उभा! पण आत गेलेल्यांपैकी एक परत आला नाही, हे त्या वहीवाचून कळत नाही.

दुसरी गोष्ट जखमींची. जो सर्वांत मोठ्याने ओरडतो त्याच्याकडे आपण धावतो. शिबिरात उलटं शिकवतात: ओरडणाऱ्याचा श्वास चालू आहे, जो गप्प पडलाय त्याच्याकडे आधी बघा. आपल्या नात्यातला कोण आणि परका कोण, हेही त्या वेळी बाजूला ठेवावं लागतं. गावात प्रत्येक जण कोणाचा तरी कोणीतरी असतो, त्यामुळे हा भाग सर्वांत कठीण.

तिसरी गोष्ट, हातातलं काम दुसऱ्याकडे सोपवणं. सरकारी पथक आलं की स्थानिक माणसाने बाजूला व्हायचं नसतं आणि अडूनही बसायचं नसतं. त्याने सांगायचं: इतकी घरं, त्यातली इतकी गाडलेली, अमक्या घरात रात्री पाच जण होते, विहीर इथे, गोठा तिथे. इर्शाळवाडीत नेमकी हीच माहिती मोलाची होती.

मदत आली की तिचाही पूर येतो, आणि तो आवरायलाही शिकावं लागतं. प्रत्येक आपत्तीनंतर जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडतात. ते कोणी वापरत नाही, पावसात कुजतात. लागतात ती चादर, बॅटरी, पिण्याचं पाणी, लहान मुलांचं दूध, बायकांसाठी सॅनिटरी पॅड. आणि आडोसा. हा शेवटचा शब्द पुरुषांच्या यादीत सहसा नसतो. म्हणून पाचांच्या गटात निदान दोन बाया हव्यात, आणि त्या फक्त चुलीपाशी नव्हेत.

बायकांच्या पुढारपणाचा मोठा धडा आपल्याच मराठवाड्यातला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, साडेसात हजारांहून अधिक माणसं गेली. त्यानंतर घरांच्या दुरुस्तीचा सरकारी कार्यक्रम आला तेव्हा प्रेमा गोपालन यांच्या स्वयंशिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून तयार केलं. अनुदान किती, भिंत कशी बांधायची, इंजिनिअर कधी येणार, हे त्या घरोघर समजावत आणि लोकांची गाऱ्हाणी कचेरीत नेत. कधी सभेत तोंड न उघडलेल्या बाया या. २००१ मध्ये कच्छचा भूकंप झाल्यावर त्यांच्यातल्या काही जणी गुजरातच्या बायकांना हे शिकवायला गेल्या. तेव्हा चर्चचे असोत, मशिदीचे असोत की मंदिराचे, स्वयंसेवक घडवायचे तर आधी बायकांच्या बैठकीत जावं, असं माझं मत आहे.

आता नाजूक विषय. धर्माच्या नावाने जमलेली माणसं मदतीला निघाली की लोक विचारतात, हे आपल्याच माणसांना देणार का? किंवा, देता देता धर्म सांगणार का? शंका रास्त आहे, तिला चिडून उत्तर देऊ नये. १९९४ साली रेडक्रॉस आणि काही मोठ्या मदतसंस्थांनी मिळून दहा कलमांची आचारसंहिता केली. करणाऱ्यांत कॅथलिकांची कॅरिटास होती, जागतिक चर्च परिषदही होती. त्यात स्पष्ट म्हटलंय की मदत गरज पाहून द्यायची, जात-धर्म पाहून नाही, आणि कोणत्याही धार्मिक वा राजकीय मताच्या प्रसारासाठी ती वापरायची नाही. शिबिरात ही दोन वाक्यं सर्वांत आधी पाठ करून घ्यावीत. त्यात माझी एक भर: मदत घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही.

आणि हे जमतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मधे उल्हास नदीचं पाणी रुळांवर आलं आणि महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. हजारावर प्रवासी होते, त्यांत गरोदर बायाही होत्या. बोटी आल्या, सगळे सुखरूप निघाले. आसपासच्या गावकऱ्यांनी कमरेएवढ्या पाण्यातून हात दिला, चहा-खाणं दिलं. डब्यातल्या कोणालाही कोणी आडनाव विचारलं नाही. आमची पोशीर नदी पुढे त्याच उल्हासला मिळते.

सरकारची ‘आपदा मित्र’ योजना २०१६ मध्ये सुरू झाली. तिच्यात बारा दिवसांचं प्रशिक्षण आणि हेल्मेट, लाइफ जॅकेट, बॅटरी, प्रथमोपचार पेटी असा संच देण्याची सोय ठेवलेली आहे. चांगली योजना आहे. पण शेतीवर, रोजंदारीवर असलेल्या माणसाला सलग बारा दिवस काढणं अवघड. म्हणून त्याआधीची पायरी गावातच व्हावी, मे महिन्यातल्या चार सुट्टीच्या दिवशी. चर्चमध्ये रविवारच्या मिस्सानंतर, मशिदीत शुक्रवारच्या नमाजानंतर, देवळात भजनाआधी तासभर. तिन्हीकडची मुलं शेवटच्या दिवशी एकत्र आणावीत, कारण दरड एकाच मोहल्ल्यावर कोसळेल असं नाही.

पहिल्या दिवशी फक्त कागद करावा. वाडीचा हाताने काढलेला नकाशा, घरागणिक माणसं, कोण चालू शकत नाही, कोण गरोदर आहे, कोणाकडे टेम्पो, कोणाकडे दोर. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि रुग्णवाहिकेचा १०८ हे दोन नंबर. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून तीन ठिकाणी ठेवायचा आणि पाऊस सुरू होण्याआधी पुन्हा वाचायचा, कारण माणसं मुंबईला जातात, सुना येतात, म्हातारी जातात. सभागृहाची किल्ली रात्री कोणाकडे असते आणि दुसरी किल्ली कोणाकडे, हे त्याच कागदावर सगळ्यांत वर लिहायचं.